ओहळाच्या तळाखालून वाहणारे पाणी: खडी भरण्यापूर्वी काय तपासावे

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका वाड्यावरून आलेली विचारणा थोडक्यात अशी आहे. कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) पाणी देणारा गावचा ओहळ पूर्वी शिगम्यापर्यंत वाहत असे. काही वर्षांपूर्वी पोकलेन लावून त्याचा गाळ उपसला गेला, दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती आल्या, आणि आता तो नाताळ उलटता उलटता आटतो. डबक्यांत जे पाणी उरते त्याला वास येतो. अमेरिकेतील सिएटल शहरात एका ओढ्याचे पात्र खणून त्यात खडी आणि वाळूचा जाड थर भरल्यावर पाणी सुधारले व मासे परतले, असे वाचनात आल्यामुळे आपल्याकडेही तसे करता येईल का, केल्यास ओहळ पुन्हा उशिरापर्यंत वाहील का, आणि पहिल्या पावसात नदीतून वर येणारे चढणीचे मासे परत दिसतील का, असे तीन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर होय, पण अटींवर. दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी नाही. तिसऱ्याचे उत्तर खडीपेक्षा ओहळावरच्या तुमच्या काँक्रीटच्या बंधाऱ्यावर अधिक अवलंबून आहे.

ओहळ म्हणजे दोन काठांमध्ये डोळ्यांना दिसणारे पाणी एवढेच नव्हे. तळातील गोटे, खडी व वाळू यांच्या फटींतूनही तेच पाणी सावकाश पुढे सरकत असते, कुठे खाली झिरपते, काही अंतर तळाखालून जाते आणि पुढे पुन्हा वर उपळते. शास्त्रीय लिखाणात या पट्ट्याला हायपोऱ्हेइक झोन म्हणतात. मी येथे पाझरथर म्हणेन. खळाळाच्या वरच्या टोकाला पाण्याची पातळी उंच असते व खालच्या टोकाला ती उतरते. या उंचीच्या फरकामुळे पाणी तळात शिरते आणि खालच्या डोहात बाहेर पडते. तळातल्या प्रत्येक गोट्यावर सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर असतो. पाणी त्याला घासत जाते तेव्हा सेंद्रिय घाण कुजून संपते, शोषखड्ड्यांतून येणाऱ्या अमोनियाचे प्राणवायू असलेल्या वरच्या भागात नायट्रेट होते, आणि जरा खोल, प्राणवायू संपत आलेल्या भागात त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. तुमच्या पाण्याला येणाऱ्या वासाचा संबंध हे काम थांबल्याशी असण्याची शक्यता मोठी आहे.

सिएटलमधील थॉर्नटन क्रीक हा दाट वस्तीतून वाहणारा ओढा. तेथे २०१४ च्या सुमारास झालेल्या कामात तळ खोल खणून खडी-वाळूचा थर मुद्दाम घडवला गेला आणि पाणी त्या थरात उतरावे व पुन्हा वर यावे अशा बेताने लाकडाचे ओंडके व पायऱ्या बसवल्या गेल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या थरातून लांब वाटेने गेलेल्या पाण्यातील बहुतेक शहरी रसायनांचे प्रमाण ठळकपणे घटलेले आढळले, आणि चिनूक सामन माशांनी त्या पट्ट्यात अंडी घातल्याचीही नोंद झाली. या कामाची बातमी वाचणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट मात्र हमखास सुटते. खडी भरण्याआधी तेथे पुरात बुडणारी घरे विकत घेऊन पाडली गेली आणि ओढ्याला पसरायला जागा दिली गेली. भिंतींच्या खोबणीत नुसती खडी ओतण्याचे काम तेथे कोणी केलेले नाही.

आता तुमचा ओहळ लवकर का आटतो ते पाहू. आपल्याकडे पावसाचे पाणी जांभ्याच्या सड्यात (सपाट खडकाळ पठारात) मुरते, खालच्या शेडीवर (जांभ्याखालच्या मऊ चिकण थरावर) अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. दसऱ्यानंतर ओहळात वाहणारे जवळजवळ सगळे पाणी या झरींचे व काठांच्या मातीत साठलेले असते. पोकलेनने तळ खाली नेला की काठांतील पाण्याला निचऱ्याची वाट खोलवर मिळते, ते लवकर उतरते आणि काठच्या विहिरींची पातळीही त्याबरोबर खाली जाते. गाळ उपसल्याने पाणी वाढते ही समजूत तळ्याच्या बाबतीत खरी आहे. ओहळाच्या बाबतीत ती बऱ्याचदा उलटी पडते.

तळ पुन्हा वर आणला तर हे नुकसान किती भरून निघेल याचा हिशेब मांडता येतो. समजा ३०० मीटर लांबीत तळ ६० सेंटिमीटर वर घेतला, त्यामुळे दोन्ही काठांत १५-१५ मीटरपर्यंत भूजलाची पातळी सरासरी ३० सेंटिमीटर वाढली, आणि त्या मातीतून दहा टक्के पाणी निचरून मिळते असे धरले. साठा होतो २७० घनमीटर. सेकंदाला एक लिटर वाहणाऱ्या ओहळाला दिवसाला सुमारे ८६ घनमीटर लागतात, म्हणजे एवढ्या खर्चाच्या कामातून आपण जेमतेम तीन दिवस मिळवले. उलट सड्यावरील फक्त एक हेक्टर जागेत एरवी वाहून जाणारा १०० मिलिमीटर पाऊस जास्तीचा मुरवला, तर १००० घनमीटर पाणी जमिनीत जाते आणि त्यातले सगळे नाही तरी बरेचसे झरींतून सावकाश येत राहते. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात १०० मिलिमीटर म्हणजे तिसावा हिस्सा. ओहळ शिगम्यापर्यंत वाहावा ही अपेक्षा असेल तर पैसा सड्यावर खर्च करावा: सपाटीकरण थांबवणे, समपातळीत चर खणणे, बंद पडलेल्या चिरेखाणींत पाणी अडवणे. पाझरथराचे काम पाण्याच्या गुणवत्तेसाठी व जीवसृष्टीसाठी करावे, पाणी वाढेल म्हणून नव्हे. ही दोन उद्दिष्टे एकाच अंदाजपत्रकात मिसळली की शेवटी दोन्हीकडे निराशा येते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पाझरथराचा स्वतःचा हिशेबही तितकाच बोलका आहे. फ्रान्समधील द्यिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेला नियम येथे पुरेसा आहे: पाझर हा थराची पारगम्यता (तो पाणी किती सहज जाऊ देतो ते), पाण्याच्या पातळीचा उतार आणि छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतका असतो. पात्रात आडव्या बसवलेल्या दगडी पायरीमुळे पाणी ३० सेंटिमीटर खाली उतरते, तळाखालची वाट सहा मीटर आहे, थर चार मीटर रुंद व दीड मीटर जाड आहे आणि स्वच्छ खडी-वाळूची पारगम्यता सेकंदाला एक मिलिमीटर आहे असे घेतले, तर त्या एका पायरीखालून सेकंदाला सुमारे ०.३ लिटर, म्हणजे दिवसाला २६ घनमीटर पाणी जाते आणि त्याला ती वाट चालायला साधारण दहा तास लागतात. मार्गशीर्षात ओहळात सेकंदाला दहा लिटर पाणी असेल तर एक पायरी त्याच्या तीन टक्क्यांना हात लावते. दहा पायऱ्या असतील तर काम दखल घेण्याजोगे होते. आषाढातल्या लोंढ्याच्या तुलनेत हा आकडा नगण्य आहे. म्हणून पावसाळ्यातल्या पाण्याच्या शुद्धीकरणाचे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडे हाच गुणाकार मागावा. आपल्याकडे पाझरथराचा खरा उपयोग गणेश चवथ सरल्यानंतर ओहळ आटेपर्यंतच्या महिन्यांत होतो.

याच हिशेबात फटींमध्ये गाळ बसून पारगम्यता शंभराव्या हिश्श्यावर आली असे धरून पाहा. दिवसाला २६ घनमीटरऐवजी पाव घनमीटर पाणी जाईल आणि सहा मीटरची वाट चालायला एक्केचाळीस दिवस लागतील. खडी तीच, पायरीही तीच, पण थर मेलेला. शंभरपट घट ही अतिशयोक्ती नव्हे. स्वच्छ खडी आणि गाळ यांच्या पारगम्यतेतील फरक त्याहूनही कितीतरी मोठा असतो. त्यामुळे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात खडी कुठून आणायची हा प्रश्न नंतरचा. तांबडी माती कुठून येते हा पहिला.

त्यासाठी पहिल्या मोठ्या पावसात ओहळाच्या मधोमध पारदर्शक बाटली भरून घ्यावी, घरी आणून हलवावी आणि सपाट जागी ठेवावी. वीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्यात बारीक वाळू साधारण एका मिनिटाच्या आत तळाशी बसते. त्यानंतर तासाभरात जे बसते तो गाळ. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी चहासारखे तांबूस राहिले तर त्यात चिकणमाती आहे, कारण दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा) कण तेवढे अंतर उतरायला पंधरा तासांहून अधिक घेतो. या चाचणीतून एक निर्णय थेट मिळतो. बाटलीत मुख्यतः वाळू व जाड गाळ असेल तर ओहळाच्या वरच्या अंगाला गाळकुंड बांधून उपयोग होईल. चिकणमाती असेल तर पावसाळ्याच्या प्रवाहात कुंडात पंधरा तास पाणी थांबवणे कोणालाच शक्य नसते, आणि माती उगमापाशीच धरावी लागते.

आपल्याकडे खुल्या खाणीत एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघत आली आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात काही सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, तरी मातीचे ढीग जागेवरच राहिले. उत्खनन थांबल्याने ढिगाची धूप थांबत नाही. ढिगाच्या पायथ्याशी जांभ्याचा बांध, उतारावर टप्पे, त्यांवर वाळ्याची दाट रोपे आणि वरून येणारे पाणी ढिगाला न शिवता बाजूने नेणारा चर ही कामे नवीन नाहीत, पण ती दरवर्षी मे महिन्यात दुरुस्त करावी लागतात. सगळा दोष खाणीवर ढकलूनही चालत नाही. डोंगरउतार कापून केलेले नवे रस्ते, काजूच्या बागांतील उघडे उतार आणि खुद्द ओहळातून उपसून काठावरच टाकलेले गाळाचे ढीग हेही तितकेच महत्त्वाचे स्रोत आहेत. शेवटच्या प्रकाराला तर क्षमा नाही. उपशाचे बिल निघते आणि मिरगाच्या पावसात तोच गाळ पुन्हा पात्रात येतो.

तळ आज किती जिवंत आहे हे तपासायला अर्धा इंची पीव्हीसी पाइप पुरतो. दीड मीटरचा तुकडा घ्यावा, एक टोक बुचाने बंद करावे, त्या टोकाकडच्या दहा सेंटिमीटरमध्ये बारीक भोके पाडून त्यावर मच्छरदाणीचे कापड बांधावे आणि लोखंडी सळीने आधी भोक करून पाइप तळात चाळीस सेंटिमीटर उतरवावा. भोवतालची वाळू हाताने दाबून घ्यावी, म्हणजे ओहळाचे पाणी पाइपच्या कडेने आत उतरत नाही. अर्ध्या तासाने आतली व बाहेरची पाण्याची पातळी मोजावी. आतली पातळी वर असेल तर त्या जागी पाणी उपळते आहे, खाली असेल तर झिरपते आहे. मग पाइपात वरून पेलाभर पाणी ओतावे. ते काही मिनिटांत उतरले तर फटी मोकळ्या आहेत. तासाभरानेही तसेच राहिले तर तळ बुजला आहे. खळाळाच्या वर, खळाळात आणि खाली अशा जागा धरून वीस-पंचवीस ठिकाणी हे करावे आणि नकाशावर मांडावे. ज्या ठिकाणी पाणी मुळातच जोरात उपळते, तेथे झरीचे तोंड असण्याची शक्यता असते. तेथे मशीन अजिबात लावू नये. शेडीचा थर लागेल तेथेही खणणे थांबवावे, कारण शेडी फुटली की तिचीच माती वरच्या खडीत भरते.

माती रोखण्याची कामे दोन पावसाळे टिकली आणि बाटली आधीपेक्षा स्वच्छ दिसू लागली, तर पात्रातील काम हाती घ्यावे. ते साधारण मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, ओहळ कोरडा असताना करावे. खडीसाठी दुसऱ्या नदीचे पात्र खणू नये. एक ओहळ सुधारण्यासाठी दुसरा बिघडवण्यात अर्थ नाही, आणि रेती उपशावरील निर्बंधही आहेत. काठावर पडलेल्या उपशाच्या ढिगांतच तुमच्या ओहळाचे गोटे व खडी आहे. ते चाळून धुऊन घ्यावेत. कमी पडल्यास क्रशरची खडी चालते, पण ती पावडरीसकट न घेता धुतलेली घ्यावी. जांभा तळात भरू नये; तो पाण्यात झिजतो आणि पुन्हा बारीक माती देतो.

पायऱ्यांच्या दगडांचा आकार डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. शंभरात एक उतार असलेल्या पात्रात पुराचे पाणी दीड मीटर खोल असेल, तर हिशेबाने वीस सेंटिमीटरपर्यंतचा दगड हलतो. म्हणून पायरीचे मुख्य दगड अर्ध्या मीटरहून मोठे, एकमेकांत अडकवलेले आणि दोन्ही काठांत किमान मीटरभर आत रोवलेले हवेत. पायऱ्यांमधली खडी थोडीफार हलली तर घाबरू नये. दरवर्षी ती उलथली की फटींतला गाळ धुऊन जातो. पूर्वी मातीचे व दगडांचे तात्पुरते बांध दिवाळीनंतर घातले जात आणि पहिल्या पुरात वाहून जात, तेव्हा तळाची ही सफाई आपोआप होत असे. बारमाही काँक्रीटच्या बंधाऱ्यामागे तीच वाळू-माती वर्षानुवर्षे बसून राहते.

काठांच्या भिंतींबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जेथे मागे घर किंवा रस्ता नाही तेथे त्या काढाव्यात आणि काठाला उतार द्यावा, कारण पाझर फक्त तळातून नव्हे, काठांतूनही होतो आणि अरुंद खोबणीत वेग इतका वाढतो की कोणतीही खडी टिकत नाही. भिंत काढणे शक्य नसेल तेवढ्या भागात पाझरथराचे काम सोडून द्यावे.

खाणपट्ट्यासाठी आणखी एक सावधगिरी आहे, जी परदेशी अनुभवांत सहसा वाचायला मिळत नाही. आपल्या तळातील माती-दगडांत लोह व मँगनीज भरपूर असते. पाणी तळाखाली फार काळ अडकले आणि त्यातील प्राणवायू पूर्ण संपला, की हे धातू विरघळतात आणि पाणी वर येईल तेथे नारिंगी शेवाळासारखा चिकट थर व पाण्यावर तेलासारखा तवंग दिसू लागतो. लोक डिझेल सांडल्याची तक्रार करतात. काडीने तवंग हलवून पाहावा. लोहजिवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे तसेच राहतात, तेलाचा तवंग लगेच पुन्हा एकत्र येतो. असा नारिंगी थर दिसला तर वाट गरजेपेक्षा लांब किंवा थर बुजू लागला आहे असे समजावे. म्हणून मी आपल्याकडे काही तासांपासून दिवसभरापर्यंतच्या वाटाच सुचवतो आणि एका लांब थराऐवजी अनेक छोट्या पायऱ्या पसंत करतो. पालापाचोळा वा लाकूड मुद्दाम पुरण्याची गरजही आपल्याकडे नसते. कुळागरांतून येणारा पाचोळाच पुरून उरतो. शोषखड्डे ओहळाला लागून असतील तर ते आधी हलवावेत, आणि काम कितीही चांगले झाले तरी हे पाणी पिण्यायोग्य मानू नये.

हा उपाय भरती-ओहोटीच्या पट्ट्यात करू नये. मांडवी नदीत भरतीचा परिणाम आत पार गांजे गावापर्यंत जाणवतो. तेथे पाण्याचा उतार दिवसातून अनेकदा फिरतो आणि बारीक चिखल सतत बसत राहतो. पणजीतला सांत इनेजचा नाला किंवा दक्षिण गोव्यातील साळ नदीचा खालचा भाग यांसाठी कोणी खडीचा थर सुचवला तर तो पैशांचा अपव्यय ठरेल. तेथे सांडपाणी रोखणे हेच काम आहे. तुमच्या ओहळासाठी पंचायतीचा ठराव आणि जलस्रोत खात्याची लेखी परवानगी लागेल, आणि वरचा भाग वनक्षेत्रात असल्यास वन खात्याचीही.

आता चढणीचे मासे. हे मासे पहिल्या पावसात नदीतून वर, ओहळांत आणि शेतांत अंडी घालायला येतात. खडीचा मोकळा तळ त्यांतील काहींच्या अंड्यांना व पिलांच्या खाद्याला उपयोगी पडतो, पण मुळात त्यांना वर पोचता आले पाहिजे. पंचवीस-तीस सेंटिमीटरची दगडी पायरी, खाली पुरेसा डोह असेल तर, बहुतेक मासे ओलांडतात. सव्वा मीटर उंच, खाली सपाट काँक्रीट असलेला बंधारा ते ओलांडू शकत नाहीत. तुमच्या बंधाऱ्याच्या फळ्या जूनचा पाऊस सुरू झाल्यावर, कोणाला तरी आठवण झाली की काढल्या जातात असे विचारणेत लिहिले आहे, आणि तोवर चढण होऊन गेलेली असते. फळ्या मेच्या शेवटच्या आठवड्यात काढाव्यात, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला दगडांचा उतार रचून उंची तीन-चार छोट्या टप्प्यांत विभागावी, आणि पायथ्याचे काँक्रीट फोडून तेथे गुडघाभर खोलीचा डोह ठेवावा. या तीन कामांना पाझरथराची वाट पाहावी लागत नाही. ती येत्या उन्हाळ्यातच करता येतील.